पावसाची वही आणि संगणकाचा पाऊस

वैशाखाच्या उन्हाने माळव्याची काळी जमीन भेगाळू लागली, म्हणजे आमच्याकडील मराठी घरांतून आणि गावोगावच्या पारांवरून एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा पाऊस कसा? वर्षप्रतिपदेस पंचांगातील पर्जन्यफल ऐकून झालेले असते. पुढे एप्रिलच्या मध्यास हवामान खात्याचा अंदाज वर्तमानपत्रात येतो आणि तो एकच आकडा तोंडातोंडी फिरू लागतो. सन २०२५ मध्ये तो आकडा होता १०५ टक्के. त्याच्यापुढे ‘अधिक-उणे ५’ अशी पुस्ती जोडलेली होती; परंतु ती बहुतेकांनी वाचली नाही, आणि ज्यांनी वाचली त्यांनी ती शास्त्रज्ञांची सवय समजून सोडून दिली.

वाचकहो, आमचा आजचा लेख त्या दुर्लक्षित पुस्तीविषयी आहे. संगणक पावसाचे भाकीत करतो म्हणजे काय करतो, त्याच्या पोटात जाणाऱ्या आकड्यांची पारख कशी होते, आणि बाहेर पडलेल्या उत्तरावर विश्वास किती व कसा ठेवावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. आम्ही पडलो मराठीचे शिक्षक. गणित हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या विषयाच्या वाटेस आम्ही का गेलो, हे आधी सांगितले पाहिजे.

सन २००२ मध्ये आम्ही माळव्यातील एका खेड्यातील सरकारी शाळेत साधे शिक्षक होतो. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता. सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजपात्रात ओतून मिलिमीटरचा आकडा वहीत लिहावयाचा, हे काम आमच्याकडे आणि आठवीच्या मुलांकडे असे. महिनाअखेर त्याचा तक्ता तहसील कचेरीत जाई. त्या जूनच्या आरंभी एका विद्यार्थ्याचे वडील वहीवर नजर टाकून म्हणाले, “मास्साब, तुम्ही पेपर वाचता. सोयाबीन लवकर पेरावे की थांबावे?” आम्ही त्या सकाळीच अंदाज वाचला होता. सरासरीइतका पाऊस पडणार, असे आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले. त्यांनी पहिल्या सरींवर पेरणी केली. पुढे जुलै कोरडा गेला, बी जळाले, दुबार पेरणीसाठी त्यांनी व्याजाने पैसे काढले. ते आम्हांस कधी एका शब्दानेही बोलले नाहीत. परंतु संपूर्ण देशासाठी आणि चार महिन्यांसाठी असलेला आकडा आम्ही त्यांच्या सहा बिघ्यांवर आणि पहिल्या पंधरवड्यावर नेऊन बसविला, हे आमचे अज्ञान आम्हांस नंतर कळले. वहीतही आमच्या हातून एक चूक झाली होती. ती पुढे सांगू.

नक्कल कशाची आणि कशी?

हवामानाचे भाकीत करण्याचे दोन मार्ग आहेत. एक संबंधांचा मार्ग : हिमालयात बर्फ अधिक पडले त्या वर्षी पाऊस कसा पडला, समुद्र तापला त्या वर्षी कसा पडला, असे जुने दाखले मांडून त्यांवरून पुढचे अनुमान काढणे. दुसरा नकलेचा मार्ग. याला शास्त्रीय मराठीत सदृशीकरण म्हणतात. वातावरणाचे लहानलहान चौकोन कल्पावयाचे, प्रत्येक चौकोनातील वायुभार, उष्णता, वारा आणि ओलावा यांचे आजचे आकडे घ्यावयाचे, आणि भौतिकशास्त्राच्या नियमांनी ते काही मिनिटांनी काय होतील हे काढावयाचे. पुन्हा त्यावरून पुढच्या काही मिनिटांचे. असे करीत करीत संगणकाच्या आत एक कृत्रिम हवा वाहू लागते आणि कृत्रिम पाऊस पडू लागतो.

ही कल्पना संगणकाहूनही जुनी आहे. लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात ती हातांनी करून पाहिली. तो क्वेकर पंथाचा, शस्त्र हाती न धरणारा; म्हणून फ्रान्समधील रणभूमीवर तो जखमींची गाडी हाकीत असे आणि उरलेल्या वेळात गणित करीत असे. २० मे १९१० या दिवशीची मध्य युरोपातील निरीक्षणे घेऊन पुढील सहा तासांत वायुभार किती बदलेल, हे त्याने काढले. त्या सहा तासांच्या आकडेमोडीस सहा आठवडे लागले. १९१७ च्या लढाईत त्याचे हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाऱ्याखाली सापडले. १९२२ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चौसष्ट हजार गणक एका प्रचंड गोल सभागृहात बसून जगाची हवा मोजीत आहेत, असे स्वप्नही त्याने त्यात रंगविले.

आणि एवढ्या तपश्चर्येचे उत्तर काय आले? सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारने चढेल! एवढी उलथापालथ भीषण चक्रीवादळातही होत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी वायुभारमापकाचा पारा जवळजवळ हललाही नव्हता. रिचर्डसनने हे अपयश लपविले नाही. ते जसेच्या तसे छापले. पुढे अनेक दशकांनी आयर्लंडचे हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तेच गणित संगणकावर पुन्हा करून पाहिले. रिचर्डसनची पद्धत चुकलेली नव्हती. दोष मूळ आकड्यांत होता. वायुभाराचे आकडे आणि वाऱ्याचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. त्यांतील लहानलहान विसंगतींनी कृत्रिम वातावरणात खोट्या लाटा उठविल्या होत्या. आरंभीचे आकडे आधी गाळून, एकमेकांशी जुळवून घेतल्यावर त्याच गणिताचे उत्तर संभवनीय वाटावे इतके लहान आले.

आमच्या मते या शास्त्रातील पहिला धडा हाच. नक्कल करणारे यंत्र कितीही मोठे असो, त्याच्या हाती दिलेले आकडे आधी तपासले पाहिजेत. गव्हात खडे असले तर जाते कितीही चांगले असून काय उपयोग? आज जगातील कोणतेही हवामान केंद्र निरीक्षणे जशीच्या तशी संगणकास देत नाही. ठाण्याठाण्यांचे, जहाजांचे, विमानांचे व उपग्रहांचे आकडे परस्परांशी आणि आदल्या भाकिताशी ताडून पाहतात; कोणत्या उपकरणाची चूक साधारण किती असते त्या मानाने त्याच्या आकड्यास वजन देतात; आणि मगच आरंभाचे चित्र तयार करतात. हे सारे काम संख्याशास्त्राचे आहे.

तीन अंक गाळल्याचा परिणाम

पुढे विद्युत्‌गणक आले. १९५० मध्ये अमेरिकेत चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी ‘एनिअॅक’ या यंत्रावर पहिली संगणकीय भाकिते केली. चोवीस तासांच्या भाकितास सुमारे चोवीस तासच लागत. यंत्रे वेगवान होतील, आकडे शुद्ध होतील आणि हवामान पंचांगातील ग्रहणासारखे आगाऊ सांगता येईल, अशी आशा वाटू लागली.

या आशेस १९६१ मध्ये धक्का बसला. मॅसॅच्युसेट्‌स येथील तंत्रविद्यासंस्थेत एडवर्ड लॉरेन्झ हे एका लहान संगणकावर हवामानाची साधी नक्कल चालवीत होते. एक जुनी आकडेमाला पुन्हा पाहावी म्हणून त्यांनी मधल्याच टप्प्यावरील छापील आकडे यंत्रास दिले आणि ते कॉफी प्यावयास गेले. परत येऊन पाहतात तो नवी माला काही काळ जुनीच्या हातात हात घालून चाललेली, आणि पुढे तिने तिच्याशी सारा संबंध तोडलेला! यंत्र बिघडले नव्हते. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ असा आकडा होता. छापील कागदावर जागेच्या काटकसरीने तो ०.५०६ एवढाच उमटला होता. एक-दोन दशसहस्रांश इतक्या फरकाने काही आठवड्यांनंतरचे सारे कृत्रिम हवामान पालटले होते. १९६३ मध्ये लॉरेन्झ यांनी याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला, आणि ब्राझीलमधील फुलपाखराचे पंख व टेक्सासमधील वादळ हा त्यांचा १९७२ च्या व्याख्यानातील प्रश्न तर जगभर गाजला.

याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. कोणताही पर्जन्यमापक, कोणताही उपग्रह सहाव्या दशांशापर्यंत अचूक नसतो. आरंभाच्या आकड्यांत चूक राहणारच, आणि ती वाढतच जाणार. मग भाकीत करणे सोडूनच द्यावे काय?

एकाऐवजी पन्नास

शास्त्रज्ञांनी भाकीत सोडले नाही. त्यांनी प्रश्न बदलला. आरंभाचे चित्र थोडे चुकलेले असणारच, तर एकाच चित्रावर विसंबू नये. निरीक्षणांत जेवढी चूक संभवते तेवढ्या मर्यादेत आरंभाचे आकडे थोडेथोडे हलवून अनेक चित्रे करावीत आणि प्रत्येकावरून स्वतंत्र नक्कल चालवावी. उत्तरे एकमेकांजवळ आली तर भाकीत भरवशाचे. विखुरली तर हवा त्या दिवशी लहरी आहे असे समजावे. डिसेंबर १९९२ मध्ये युरोपीय देशांच्या संयुक्त हवामान केंद्राने आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय केंद्राने अशी समूह-भाकिते नित्याच्या कामात आणली. युरोपीय केंद्राच्या समूहात पुढे ५१ नकला चालू लागल्या. त्यांपैकी ४० नकलांत तुमच्या गावी पाऊस पडला, तर पाऊस पडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के, असे म्हणता येते.

अशा भाकिताची परीक्षा एका दिवसाच्या अनुभवावरून होत नाही. ‘शक्यता ७० टक्के’ असे म्हटले आणि पाऊस पडला नाही, तर भाकीत खोटे ठरले असे नव्हे. वर्षभराच्या वहीत ज्या ज्या दिवशी ‘७० टक्के’ म्हटले होते ते सारे दिवस वेगळे काढावेत. अशा शंभर दिवसांपैकी सुमारे सत्तर दिवशी पाऊस पडला असेल, तर भाकीत करणारा प्रामाणिक. नव्वद दिवशी पडला असेल तर तो उगाच भितो, आणि चाळीस दिवशी पडला असेल तर तो फुशारक्या मारतो.

येथे एक धोका आहे, तो शिक्षकास चटकन कळेल. एकाच गुरुजींकडे शिकलेल्या पन्नास मुलांनी एखाद्या गणिताचे एकच उत्तर आणले, म्हणून ते बरोबर असेलच असे नाही. गुरुजींनीच रीत चुकीची शिकविली असेल. पन्नास नकला एकाच प्रतिमानाच्या असल्या, तर त्या प्रतिमानाचा दोष पन्नासांतही उतरतो आणि उत्तरांच्या जवळिकीने आपली फसगत होते. यावर उपाय म्हणजे निरनिराळ्या संस्थांनी रचलेल्या निरनिराळ्या प्रतिमानांचा समूह. भारतीय हवामान खात्याने २०२१ पासून हंगामी अंदाजासाठी अशीच बहुप्रतिमान पद्धती स्वीकारली आहे.

छप्पनियापासून सोळा खुणांपर्यंत

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पाऊस यांचा संबंध जोडून १८८६ मध्ये पहिला मोसमी अंदाज दिला. पुढे १८९९ चा दुष्काळ आला. इंदूर-बडोद्याकडील जुन्या घरांत विक्रम संवत १९५६ चा ‘छप्पनिया’ अजूनही आठवणीत आहे; तोच हा दुष्काळ. या आघातानंतर, १९०४ मध्ये, केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या ठाण्यांचे वायुभार, उष्णतामान आणि पाऊस यांचे तक्ते मांडून, हिंदी कारकुनांच्या मदतीने त्यांनी शेकडो सहसंबंध हातांनी काढले. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यातील वायुभाराचा झोका त्यातूनच त्यांना सापडला. एल निन्योच्या आजच्या ज्ञानाचा तो एक आधारस्तंभ आहे.

परंतु वॉकर यांची थोरवी आम्हांस आणखी एका गोष्टीत वाटते. १९१४ मध्ये त्यांनी स्वतःच्याच पद्धतीचा धोका लिहून ठेवला : पुष्कळ संबंध तपासून त्यांतील सर्वांत मोठा निवडला, तर तो केवळ योगायोगानेही मोठा निघू शकतो. आमच्या शाळेतील उदाहरण घ्या. समजा, १०२४ मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडविले. दहाही वेळा छापा पडण्याची संधी प्रत्येकास १०२४ त एक. म्हणजे सरासरीने एका मुलास तसे घडणारच. त्या मुलास मंचावर बोलावून ‘छाप्याचा सिद्ध’ म्हणून हार घालावा काय? अकराव्या वेळी तोही इतरांसारखाच.

१९८८ मध्ये खात्याने सोळा खुणांवर आधारलेले नवे संख्याशास्त्रीय प्रतिमान वापरात आणले. ते घडविण्यात पुढाकार होता डॉ. वसंत गोवारीकर यांचा. पुण्याच्या या शास्त्रज्ञाविषयी साऱ्या मराठी समाजास अभिमान वाटे, आणि तो रास्तच होता; भारतीय मोसमी अंदाजास आकड्यांची शिस्त लावण्याचा तो मोठा प्रयत्न होता. १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नाही आणि प्रतिमानाची कीर्ती वाढत गेली. मग आले २००२. अंदाज होता १०१ टक्के. प्रत्यक्षात पाऊस झाला ८१ टक्के, आणि जुलैचा पाऊस तर सरासरीच्या जवळजवळ निम्म्यावर आला. त्यानंतर त्या प्रतिमानाची जागा नव्या प्रतिमानांनी घेतली.

येथे कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. यातून निघणारा प्रश्न मोलाचा आहे. जत्रेत पोपटवाला असतो. त्याचा पोपट चिठ्ठी काढतो. समजा, त्याच्या साऱ्या चिठ्ठ्यांवर ‘यंदा दुष्काळ नाही’ एवढेच लिहिले आहे. १९८८ ते २००१ या काळात तो पोपट चौदाही वेळा खरा ठरला असता! म्हणून भाकिताचे यश मोजताना ‘किती वेळा बरोबर आले’ एवढे विचारून भागत नाही. ‘पोपटापेक्षा किती अधिक बरोबर आले’ असे विचारावे लागते. दुष्काळाच्या वर्षी जे आधी सावध करील, तेच खरे ज्ञान.

पुण्यातील नवी पाठशाळा

पुणेकर वाचकांस ‘शिमला ऑफिस’ ठाऊक असते. शिमल्याचे हवामान मुख्यालय १९२८ मध्ये पुण्यास आले, त्याची ती खूण. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, परंतु हवामानविद्येने पुणे सोडले नाही. पुण्यातच १९९१ मध्ये ‘सी-डॅक’ या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम’ हा महासंगणक बांधला. पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक आले. २०१२ मध्ये ‘मान्सून मिशन’ सुरू झाले आणि समुद्र व वातावरण यांची एकत्र नक्कल करणारे मूळचे अमेरिकन प्रतिमान आपल्या मोसमी पावसासाठी घडविण्याचे काम येथे चालू झाले. मे २०२५ मध्ये तर सुमारे सहा किलोमीटरच्या चौकोनांचे भारतीय प्रतिमान कामास लागले.

या प्रतिमानांस भविष्याआधी भूतकाळाची परीक्षा द्यावी लागते. गेल्या वीस-तीस वर्षांपैकी प्रत्येक वर्षाचे केवळ आरंभीचे आकडे देऊन ‘त्या वर्षी पाऊस किती’ असे विचारतात आणि उत्तर प्रत्यक्ष नोंदींशी ताडतात. येथे दोन प्रकारचे दोष दिसतात. आमच्या शाळेचे घड्याळ रोज पाच मिनिटे मागे असते. त्याचा त्रास नाही, सारे जण पाच मिनिटे मिळवून वाचतात. परंतु जे घड्याळ कधी दहा मिनिटे पुढे आणि कधी वीस मिनिटे मागे असते, त्याचे काय करावे? मूळ अमेरिकन प्रतिमान भारताच्या भूमीवर प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस पाडी. तो पहिल्या प्रकारचा दोष. तो मोजून वजा करता येतो. दुसऱ्या प्रकारचा दोष वजा होत नाही. तो ‘अधिक-उणे’ म्हणून उघड सांगावा लागतो. २०२५ च्या १०५ पुढील ती ‘५’ ची पुस्ती म्हणजे अशा चुकांचा प्रामाणिक कबुलीजबाबच होय.

आणखी एक पथ्य आहे. सराव परीक्षेतील प्रश्नच वार्षिक परीक्षेत घातले, तर सारा वर्ग उत्तीर्ण होतो आणि कोणासच काही आलेले नसते. तद्वत ज्या वर्षांच्या आकड्यांवर प्रतिमान सुधारले, त्याच वर्षांवर त्याची परीक्षा घेणे व्यर्थ. परीक्षेची वर्षे झाकून ठेवावी लागतात.

एवढे करूनही चुका होतात. २०१५ मध्ये जूनचा अंदाज ८८ टक्के होता आणि पाऊस ८६ टक्के झाला; दुष्काळाची सूचना वेळेवर मिळाली. परंतु २०१९ मध्ये अंदाज ९६ टक्के असता पाऊस ११० टक्के झाला. २०२५ मध्ये १०५ च्या अंदाजापुढे १०८ टक्के झाला. म्हणजे पुस्तीच्या मर्यादेत. मात्र त्याच वर्षी वायव्य भारतात सरासरीच्या सुमारे १२७ टक्के आणि पूर्व व ईशान्य भारतात अवघा ८० टक्के पाऊस झाला. देशाची सरासरी म्हणजे काही कोणाचे शेत नव्हे.

शून्य आणि रिकामी जागा

आता आमच्या वहीकडे परत येऊ. प्रतिमानांची परीक्षा ज्या नोंदींशी ताडून घेतात त्या येतात कोठून? पुण्यातील हवामान खात्याच्या शास्त्रज्ञांनी १९०१ ते २०१० या ११० वर्षांचा, भारतातील ६,९५५ पर्जन्यमापक ठाण्यांच्या आधारे, चौकोनवार तक्ता तयार केला. इतकी ठाणी सारी वर्षे सारखी चालू नव्हती. कोठे खंड पडले, कोठे जागा बदलली. प्रत्येक नोंद शेजारच्या ठाण्यांशी ताडून, खुळ्या आकड्यांना बाजूस काढूनच असा तक्ता होतो. त्या हजारो ठाण्यांवर कोणी ना कोणी साडेआठ वाजता मोजपात्र डोळ्यांसमोर धरून उभा राहिला होता.

२००२ च्या ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या आल्या आणि दोन दिवस आमच्या शाळेतील पर्जन्यमापक कोणीच पाहिला नाही. तक्ता अपुरा दिसू नये म्हणून आम्ही त्या दोन दिवसांपुढे शून्य लिहिले. नंतर गावकऱ्यांकडून कळले, की त्यांतल्या एका रात्री चांगला पाऊस झाला होता. रिकामी जागा म्हणते, ‘मला ठाऊक नाही.’ शून्य म्हणते, ‘पाऊस पडला नाही.’ पहिले सत्य असते, दुसरे असत्य होते. रिकामी जागा दिसली असती तर शेजारच्या ठाण्यांवरून तिचे अनुमान करता आले असते. शून्याने तो मार्गच बंद केला. नीटनेटकेपणाच्या मोहाने एका शिक्षकाने खोटी साक्ष दिली, असेच आज आम्ही म्हणू.

आता आम्ही मुख्याध्यापक आहोत. आमच्या शाळेतही पावसाची वही आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर आम्ही लिहून ठेवले आहे : ‘न मोजलेल्या दिवशी आडवी रेघ मारावी.’ मुलांना आरंभी या रेघेची लाज वाटते. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या रविवारपुढे रेघ पाहून एक मुलगी म्हणाली, “सर, पाऊस आला नव्हता, मी घरीच होते, शून्य लिहू का?” आम्ही विचारले, “मोजलेस?” ती म्हणाली, “नाही.” रेघ तशीच राहिली.

वाचकांपुढे आम्ही एवढीच विनंती ठेवतो. पुढच्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रातील आकडा घरात मोठ्याने वाचला जाईल, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. या आकड्याची अधिक-उणे मर्यादा किती? मागील वर्षांत याचे भाकीत पोपटाच्या चिठ्ठीहून किती सरस ठरले? आणि हा आकडा कोणत्या प्रदेशाचा व किती दिवसांचा आहे? पेरणीसाठी हंगामाच्या टक्क्यांपेक्षा आपल्या जिल्ह्याचा पंधरवड्याचा व आठवड्याचा अंदाज अधिक उपयोगी, आणि तो आता हवामान खात्याकडून मिळतो.

ते वडील आता थकले आहेत. शेती मुलगा पाहतो. तो आमचाच विद्यार्थी. गेल्या जूनमध्ये त्याचा फोन आला : “सर, यंदा काय म्हणतात?” आम्ही आठवड्याचा अंदाज वाचून दाखविला, शक्यतेचे टक्के सांगितले, आणि हेही सांगितले की दहा वेळांत तीन वेळा असे भाकीत चुकते. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “तर मग निम्मे रान आत्ता पेरतो, निम्मे आठ दिवसांनी.”